फुटलेल्या भांड्याचं सोनं कुणाच्या वाट्याला?

मागच्या रांगेत आवाज पोचतोय ना? बरं.

विषय जपानचा आहे, पण सुरुवात मी बांगडीपासून करते. माझी आजी बांगडी ‘फुटली’ असं कधीच म्हणायची नाही. बांगडी ‘वाढवली’ म्हणायची. आपण नारळसुद्धा फोडत नाही, वाढवतो. फुटणं हा शब्दच तोंडातून काढायचा नाही, कारण त्याच्यामागून अपशकुन घरात येतो. आता गंमत बघा. जपानमध्ये नवीन वर्षाला तांदळाच्या मोचीचे दोन गोल एकावर एक रचून देवापुढे ठेवतात. त्याला म्हणतात कागामी-मोची, म्हणजे आरशासारखी मोची. बहुतेक ठिकाणी 11 जानेवारीला ती फोडून खातात. पण ‘फोडतात’ असं म्हणत नाहीत. त्या दिवसाचं नाव आहे कागामी-बिराकी, म्हणजे आरसा ‘उघडणं’. लग्नाची मेजवानी संपली की ‘संपली’ म्हणायचं नाही, ‘आता उघडू या’ म्हणायचं. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, शहाणी माणसं दिसतात. (हशा)

हे आधी का सांगितलं? कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे एक समज पसरलाय की जपानी माणसाला फुटलेल्या वस्तू फार आवडतात. भेगेत सोनं भरलेल्या वाडग्याचा फोटो येतो आणि खाली दोन ओळींचा उपदेश येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हाला सगळ्यांना तो एकदा तरी आला असणार. त्या कलेचं नाव किन्त्सुगी. ‘किन्’ म्हणजे सोनं, ‘त्सुगी’ म्हणजे जोड, सांधा. हाच ‘त्सुगी’ शब्द कपड्याच्या ठिगळालाही चालतो आणि घराण्याच्या वारसालाही चालतो, त्याला ‘आतोत्सुगी’ म्हणतात. म्हणजे तुटलेलं पुढे चालू ठेवणं, एवढाच साधा अर्थ. मी क्योतोत राहत असताना दीड वर्ष हे काम शिकले. वाईट शिकले म्हणा हवं तर, पण शिकले. आणि शिकताना लक्षात आलं की व्हॉट्सअ‍ॅपवरची गोष्ट आणि इतिहासातली गोष्ट यांच्यात बरंच अंतर आहे. आज त्या अंतराबद्दलच बोलायचं आहे.

सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट अशी. पंधराव्या शतकात आशिकागा योशिमासा नावाचा शोगुन होता. क्योतोचा चंदेरी मंडप, गिन्काकुजी, ज्याचा. त्याचा आवडता चिनी वाडगा फुटला, त्याने तो दुरुस्तीला चीनला पाठवला. परत आला तेव्हा त्याला धातूचे ओबडधोबड टाके घातलेले होते. शोगुनला ते कुरूप वाटले, म्हणून त्याने आपल्या कारागिरांना काहीतरी सुंदर शोधून काढायला सांगितलं, आणि किन्त्सुगी जन्माला आली. छान गोष्ट आहे. आदि-मध्य-अंत सगळं आहे.

अडचण एवढीच की तो वाडगा अजून शाबूत आहे. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो ठेवलेला आहे. चीनच्या लोंगच्वान भट्ट्यांतला, तेराव्या शतकातला, पावसाळ्यात दगडावर पहिलं शेवाळं धरतं तशा निळसर हिरव्या रंगाचा. आणि त्याला टाके तसेच आहेत! सोनं कुठेही नाही. त्याचं नाव आहे ‘बाकोहान’. ते टाके मोठ्या टोळासारखे दिसतात म्हणून टोळाचा बंध, असं काहीसं नाव. 1727 मध्ये इतो तोगाई नावाच्या कन्फ्यूशियन पंडिताने या वाडग्याची हकिगत लिहून ठेवली, आणि आपल्याला माहीत असलेली गोष्ट मुळात तिथून येते. तोगाई काय सांगतो? ताइरा नो शिगेमोरी नावाच्या सरदाराने बाराव्या शतकात चीनमधल्या एका मठाला सोनं दान केलं, त्याबद्दल तिथल्या गुरूंनी हा वाडगा भेट पाठवला. पुढे तो योशिमासाकडे आला. तडा गेला, तेव्हा त्याने तो चीनला पाठवून असाच दुसरा मागवला. तिकडून निरोप आला की असा वाडगा आता मिंग राज्यात कुठेही मिळत नाही. म्हणून तोच टाके घालून परत पाठवला. आणि त्या टाक्यांमुळे त्याची किंमत वाढली. टाके कुरूप वाटले, सोन्याचा हुकूम सोडला, यातलं काहीही तोगाईच्या हकिगतीत नाही. उलटंच आहे! आणि वाडग्याच्या वयाशी शिगेमोरीचा काळही नीट जुळत नाही, म्हणजे तोगाईची गोष्टसुद्धा थोडी सैल हातानेच घ्यायची.

जाता जाता एक सांगते. शिगेमोरीने ज्या मठाला सोनं दिलं त्याचं नाव आयूवांग. निंगबो शहराजवळ आहे. आयूवांग म्हणजे अशोक राजा, आपला सम्राट अशोक. अशोकाने चौऱ्याऐंशी हजार स्तूप उभारले, त्यातला एक चीनमध्ये सापडला, अशी श्रद्धा आहे, त्यावरून मठाला ते नाव पडलं. या विषयात आपल्याकडचे धागे असे अधूनमधून सापडत राहतात. ओढून आणायची गरज पडत नाही.

मग सोन्याचा सांधा आला कुठून? एका दिवसात, एका माणसाच्या डोक्यातून आला नाही. त्याचे घटक वेगवेगळ्या काळात तयार होत गेले. पहिला घटक चिकटवण्याचा, तो म्हणजे उरुशी. हा एका झाडाचा चीक आहे. इंग्रजीत याला ‘लॅकर’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या लाखेवरून, संस्कृत ‘लाक्षा’वरून, पोर्तुगीजांमार्फत तिकडे गेला. पण आपली लाख किड्याची, लाक्षागृहातली, उष्णतेने वितळणारी. उरुशी झाडाची आणि एकदा घट्ट झाली की वितळतच नाही. नाव आपलं घेतलं, वस्तू वेगळी. दोन्हींची गल्लत आपल्याकडच्या पुस्तकांतही दिसते.

उरुशीचा खरा नातेवाईक आपल्याकडे दुसराच आहे. बिब्बा! आंबा, काजू, बिब्बा आणि उरुशी ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातली. ‘बिब्बा उतला’ हे आपल्याला शिकवावं लागत नाही. तेच उरुशीचं. शिकायला लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं, डोळा सुजला. आमचे सेन्सेई सत्तरीचे होते. त्यांनी बघितलं आणि शांतपणे म्हणाले, ‘आता तुम्ही सुरुवात केलीत.’ मी आईला फोनवर वर्णन केलं, तर ती पहिल्या वाक्यालाच म्हणाली, अगं, हे तर बिब्ब्यासारखं आहे. सहा हजार किलोमीटरवरून तिने कुळ बरोबर ओळखलं.

हा चीक मिळवणं हे वेगळंच कष्टाचं काम आहे. झाड दहा ते पंधरा वर्षांचं व्हावं लागतं. जूनपासून खोडावर आडव्या चिरा मारायच्या, काही दिवस झाडाला विसावा द्यायचा, पुन्हा आधीच्या चिरेवर थोडी लांब चीर मारायची, असं ऑक्टोबरपर्यंत. एका झाडातून सगळा हंगाम मिळून साधारण 200 ग्रॅम चीक मिळतो. एक फुलपात्रभर समजा. आणि मग ते झाड तोडून टाकतात. बुंध्याला नवे धुमारे फुटतात, त्यांची पुन्हा दहा-पंधरा वर्षं वाट बघायची.

आणखी एक चमत्कार. उरुशी ‘वाळते’ असं आपण म्हणतो, पण ती वाळतच नाही. पाणी उडून जाऊन ती घट्ट होत नाही. तिच्यात एक विकर असतं, लॅकेज नावाचं, ते हवेतला प्राणवायू घेऊन चिकातल्या रेणूंची साखळी बांधतं. त्याला दमट हवाच लागते, 70 ते 85 टक्के आर्द्रता आणि पंचवीसेक अंश तापमान. हिकोरोकुरो योशिदा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1883 मध्ये हे प्रथम ओळखलं. म्हणून कारागिराकडे एक दमट पेटी असते, तिला मुरो म्हणतात. म्हणजे जुलैतल्या मुंबईत उरुशी झकास वाळेल. कपडे वाळणार नाहीत. (हशा)

जपानमध्ये उरुशीचा वापर किती जुना? जोमोन काळातला, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचा. त्या काळातली मातीची भांडी उरुशीने सांधलेली उत्खननात मिळाली आहेत. तेव्हा फुटकं भांडं चिकटवणं हे कुठल्याही शोगुनच्या फार फार आधीचं आहे. दुसरा घटक सोन्याचा. ओल्या उरुशीवर सोन्याची पूड भुरभुरून नक्षी काढायची, याला माकिए म्हणतात. हेआन काळात, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी ही कला चांगली बहरली होती. पण ती लाकडी पेट्यांवर, खोगिरांवर, वाद्यांवर. चिकटवणारा हात आणि सोनं भुरभुरणारा हात तयार होता. दोन्ही एकाच माणसाचे, उरुशी कारागिराचे. ते फुटक्या वाडग्यावर एकत्र यायला तिसरी गोष्ट लागत होती. कुणाला तरी तो सांधा दिसावा असं वाटायला हवं होतं.

ते घडलं चहामुळे. सोळाव्या शतकात चहाचा समारंभ हे जपानमधलं राजकारण होतं. चहाची एक डबी देऊन प्राण वाचवता यायचे, अख्खा किल्ला बक्षीस मिळण्यापेक्षा एखादा वाडगा मिळणं मोठं मानलं जायचं. त्या जगाचा गुरू सेन नो रिक्यू. त्याच्याबद्दलची एक कथा 1701 मध्ये संकलित झालेल्या चहाच्या आठवणींच्या पुस्तकात आहे. साकाई गावच्या एका गृहस्थाकडे ‘उनझान’ नावाची चहापत्तीची नामांकित डबी होती. त्याने रिक्यूला चहाला बोलावलं, डबी पुढे केली. रिक्यू काही बोलला नाही. यजमानाने तो गेल्यावर डबी आपटून फोडली. तिथल्या दुसऱ्या पाहुण्याने तुकडे मागून घेतले, जोडले, आणि पुन्हा रिक्यूला बोलावलं. तेव्हा रिक्यू म्हणाला, आता ही उत्तम आहे. पुढे ही डबी फार मोठ्या किमतीला विकली गेली. नव्या मालकाने कोबोरी एन्शूला विचारलं, सांधे नीट जुळलेले नाहीत, पुन्हा जोडून घेऊ का? एन्शू म्हणाला, ते जुळलेले नाहीत म्हणूनच तर रिक्यूला आवडली, तशीच राहू द्या.

ऐकायला सुंदर. पण मला या कथेत पहिल्या मालकाचं फार वाईट वाटतं. एका माणसाने कौतुक केलं नाही म्हणून त्याने घरातली सर्वांत मोलाची वस्तू फोडली. आवड ठरवण्याची सत्ता कुणाच्या हातात होती, ते यातून कळतं.

दुसरी कथा तर थेट जिवावरची आहे. हिदेयोशीकडे कोरियाहून आलेला एक वाडगा होता. हिदेयोशी म्हणजे शेतकऱ्याच्या घरातून निघून सगळ्या जपानचा मालक झालेला माणूस. त्याच्या हुजऱ्याच्या हातून तो वाडगा पडला. पाच तुकडे. हिदेयोशी संतापला, पोराचं काही खरं नव्हतं. तिथे होसोकावा युसाई हा विद्वान सरदार बसला होता. त्याने जुन्या ‘इसे मोनोगातारी’तल्या सगळ्यांना पाठ असलेल्या एका कवितेचं तिथल्या तिथे विडंबन केलं. मूळ शब्दात विहिरीचा कठडा येतो, आणि त्याच उच्चारात ‘पाच’ हा आकडाही लपलेला आहे. पाच तुकड्यांवर कोटी, आणि दोष माझा समजा असा शेवट. हिदेयोशी हसला, पोरगा वाचला. वाडगा जोडला गेला आणि त्याचं नाव त्या कवितेवरून ‘त्सुत्सुइझुत्सु’ पडलं. तो आजही जपानची महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून नोंदलेला आहे. त्या हुजऱ्याचं नाव या कथेसोबत कुणी सांगत नाही.

रिक्यूला 1591 मध्ये याच हिदेयोशीने पोट फाडून घ्यायला लावलं. त्याचा शिष्य फुरुता ओरिबे आणखी पुढे गेला. त्याच्याबद्दल सांगतात की एक मोठा कोरियन वाडगा त्याला आकाराने जास्त वाटला, म्हणून त्याने तो चार भागांत कापून, मधला भाग कमी करून, लहान करून जोडवून घेतला. वाडग्यावर फुलीसारखे सांधे दिसतात. तोक्योच्या मित्सुई संग्रहालयात तो आहे. त्याचं एक नाव ‘दहाची खूण’, कारण जपानीत दहाचा आकडा फुलीसारखा लिहितात, आणि दुसरं नाव ‘शुमी’. शुमी म्हणजे आपला सुमेरू पर्वत. आणि होनामी कोएत्सु, 1558 ते 1637, तलवारींना धार लावणाऱ्या घराण्यातला. त्याचा लाल राकू वाडगा भट्टीतच तडकला. टाकून न देता त्या तड्यात सोनं भरलं आणि नाव ठेवलं ‘सेप्पो’, हिमशिखर. वरच्या कडेला पांढरी झिलई बर्फासारखी उतरलेली आहे आणि तिच्यातून सोन्याची जाड धार खाली येते. सांधा आता दुरुस्ती राहिला नव्हता, भांड्याच्या रूपाचाच भाग झाला होता.

इथपर्यंत आलं की वाटतं, झालं, जपानी मन भेगांना दाखवण्याकडे वळलं. थांबा. त्याच काळातली याच्या अगदी उलट गोष्ट आहे आणि माझ्या मते ती कारागिरी म्हणून जास्त मोठी आहे.

‘त्सुकुमो नासु’ नावाची चहापत्तीची डबी. नासु म्हणजे वांगं, वांग्याच्या आकाराची म्हणून. मुठीत मावेल एवढी. मात्सुनागा हिसाहिदे नावाच्या सरदाराने ती ओदा नोबुनागाला शरण जाताना दिली. पुढे ती हिदेयोशीकडे गेली. 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, जळला, आणि डबी राखेत गेली. याच वर्षी ओरिबेलाही पोट फाडून घ्यावं लागलं. तोकुगावा इयेयासुने फुजिशिगे तोगेन आणि तोगान या बापलेकांना सांगितलं, ढिगारा उपसा आणि डबी शोधा. त्यांनी तुकडे शोधले आणि उरुशीने डबी उभी केली. पण सोनं लावलं नाही! त्यांनी उरुशीने झिलईचा रंग, तिची चकाकी, ओघळ, सगळं असं हुबेहूब केलं की डबी फुटली होती यावर विश्वास बसू नये. इयेयासु इतका खूश झाला की डबी त्यांनाच देऊन टाकली. दोनशे साठ वर्षं ती त्या घराण्यात राहिली. 1876 मध्ये मित्सुबिशीच्या इवासाकी यानोसुकेने ती घेतली, त्यासाठी थोरल्या भावाकडून वर्षअखेरच्या पगाराची उचल घेतली असं सांगतात. आज ती तोक्योच्या सेइकादो संग्रहालयात आहे. 1990 च्या दशकात तिचा क्ष-किरण फोटो काढला तेव्हा आत कपच्यांचा विस्कटलेला नकाशा दिसला, आणि बाहेर दिसणारी झिलई बरीचशी उरुशीच आहे हे कळलं.

म्हणजे बघा, इयेयासुसारख्या माणसाला सर्वांत मौल्यवान डबीची भेग दिसायला नको होती. लपवणं हीही तेवढीच जपानी गोष्ट आहे. या वेळी कारागिरांची नावं टिकली, याचं मला समाधान आहे.

आता सामान्य माणसाकडे येऊ. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, घरातला रोजचा वाडगा फुटला तर काय व्हायचं? किटागावा मोरिसादा नावाच्या माणसाने 1837 पासून पुढची अनेक वर्षं तिथल्या रोजच्या जगण्याच्या बारीकसारीक नोंदी केल्या. फेरीवाले, केशरचना, खाद्यपदार्थ, सगळं चित्रांसकट. तो लिहितो की पूर्वी चिनी मातीची भांडी फुटली की उरुशीने जोडत. पण कान्सेई काळापासून, म्हणजे 1789 ते 1801 च्या सुमारास, काचेसारखी वितळणारी पांढरी पूड लावून भाजून जोडायची रीत आली. रोजच्या भांड्यांना आता तीच चालते. मौल्यवान चहाची भांडी मात्र अजून उरुशीने जोडतात आणि वर सोन्याची पूड लावतात.

माझ्या दृष्टीने ही नोंद या सगळ्या इतिहासातली सर्वांत कामाची आहे. सोनं कुणासाठी आणि भाजणी कुणासाठी, ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. भाजून जोडणारे हे कारागीर दारोदार फिरायचे. आपल्या कल्हईवाल्यासारखे समजा, भांडी घ्यायची, जोडून आणून द्यायची. कुणाचं भांडं कुणाकडे जाऊ नये म्हणून तळाला लाल रंगात घराची खूण लिहायचे. तोक्योत इमारतीच्या पायासाठी खणताना अशा खुणांचे तळ आजही सापडतात. संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात ते क्वचितच दिसतात. मला विचाराल तर सेप्पोइतकेच मला ते बघायला आवडतात.

आता मी शिकत होते तिथली एक गोष्ट सांगते. मी आईच्या लग्नातल्या सेटमधली साखरदाणी सोबत नेली होती. सामान बांधताना ती फुटली होती. तीन तुकडे आणि काठाला एक टवका. मला वाटलं, हिलाच सोन्याने जोडू. सेन्सेईंनी ती हातात घेतली, उलटी केली, आणि विचारलं, हिच्यात काय ठेवता? मी म्हटलं, साखर. रोज? रोज. मग म्हणाले, सोनं नको.

काम मात्र सगळं करून घेतलं. आधी तुकड्यांच्या कडा घासून त्यांना पातळ उरुशी. मग गव्हाचं पीठ पाण्यात मळून त्यात उरुशी. आपण कणीक मळतो तसंच, फक्त ही कणीक काळीकुट्ट होते आणि ताणली की दोऱ्यासारखी निघते. तिने तुकडे चिकटवायचे, बांधून मुरोमध्ये ठेवायचे, तीन आठवडे हात लावायचा नाही. मग टवका भरायला माती आणि उरुशीची लांबी, ती सुकली की पाण्याने घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. मग काळ्या उरुशीचा हात. मग तांबड्या उरुशीची बारीक रेघ. या तांबड्या रंगाला तिथे ‘बेंगारा’ म्हणतात, लोहाची तांबडी पूड, आपल्या गेरूची बहीण. आणि बेंगारा हे नाव आलंय बंगालवरून! ती रेघ अर्धवट सुकत आली की तिच्यावर सोनं भुरभुरायचं, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने किंवा ताई माशाच्या दाताने घोटायचं. माझी साखरदाणी बेंगाराच्या रेघेवर थांबली. तिला ठिगळासारखी तांबूस-तपकिरी रेघ आहे, बस्स. तीन महिने लागले. मला तेव्हा खूप हिरमुसायला झालं होतं, खोटं कशाला बोलू. मोरिसादाची नोंद वाचल्यावर कळलं की सेन्सेई जुन्या रिवाजानेच वागले होते.

आणि इथे मला एक न आवडणारी आठवण सांगावी लागेल. आमच्या घरी मागच्या पडवीत एक कप असायचा. कान तुटलेला, काठाला टवका उडालेला. कामाला येणाऱ्या बाईंना चहा त्यातून दिला जायचा. चांगल्या कपाचा कान तुटला की तो आपोआप ‘मागे’ जायचा. घरात कुणी त्यावर कधी चर्चा केली नाही, इतकं ते ठरलेलं होतं. आपल्या दलित आत्मकथनांत वेगळ्या ठेवलेल्या कपांचे, वरून ओतलेल्या पाण्याचे उल्लेख तुम्ही वाचले असतील. फुटका कप म्हणजे कुणाची जागा कुठे, हे सांगणारी पाटीच होती आपल्याकडे. मी क्योतोत हजार वर्षांच्या परंपरेबद्दल भारावून ऐकत होते तेव्हा एका दुपारी मला अचानक तो कप आठवला, आणि उरलेला दिवस माझ्याकडून काही काम झालं नाही. फुटकं भांडं सुंदर आहे असं म्हणण्याची चैन ज्याच्याकडे दुसरं न फुटलेलं भांडं आहे त्यालाच परवडते. रिक्यूचा साधेपणासुद्धा साकाईच्या श्रीमंत व्यापाऱ्यांच्या पैशावर उभा होता. हे म्हटल्याने सेप्पो कमी सुंदर होत नाही. पण म्हणायला हवं.

एकविसाव्या शतकात किन्त्सुगी जगभर गेली ती एक रूपक होऊन. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात 2008-09 मध्ये सोन्याने सांधलेल्या भांड्यांचं एक चांगलं प्रदर्शन झालं. नंतर पुस्तकं, गाण्यांचे अल्बम, समुपदेशनाचे वर्ग. तोक्योच्या पॅरालिम्पिकच्या समारोपात, 2021 मध्ये, समितीच्या अध्यक्षांनी भाषणात किन्त्सुगीचा दाखला दिला. रूपकाला माझा विरोध नाही. दुःखातल्या माणसाला आधार मिळत असेल तर मी कोण आडवी येणार? पण 1 जानेवारी 2024 ला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला. उरुशीच्या कामासाठी प्रसिद्ध असलेलं वाजिमा गाव उद्ध्वस्त झालं, सकाळच्या बाजाराचा सगळा भाग जळाला, कारागिरांच्या कार्यशाळा गेल्या. त्या आठवड्यात मला आलेल्या तीन संदेशांत किन्त्सुगीचं रूपक होतं. ज्यांच्यामुळे ते रूपक शक्य झालं त्याच लोकांची घरं पडलेली, आणि आपण त्यांना भेगेतलं सोनं सांगायचं? मला उत्तर लिहायला जमलं नाही.

त्यापेक्षा त्या चिकाचं काय चाललंय ते विचारावं. जपानमध्ये वापरली जाणारी बहुतांश उरुशी चीनमधून येते. देशातली फार थोडी, आणि तिच्यातला मोठा वाटा इवाते प्रांतातल्या निनोहे शहरातल्या जोबोजी भागातून. जपान सरकारने राष्ट्रीय ठेव्याच्या इमारतींची दुरुस्ती देशी उरुशीनेच करायचं ठरवलं, त्यामुळे मागणी वाढली. 2020 मध्ये युनेस्कोने लाकडी वास्तूंच्या जतनाची जी पारंपरिक कौशल्यं यादीत घेतली त्यात उरुशी काढणंही आहे. पण झाडाला पंधरा वर्षं लागतात आणि चिरा मारणारा माणूस तयार व्हायलाही काही वर्षं जातात. यादीत नाव आल्याने ती कमी होत नाहीत.

वेळ झाली वाटतं. एक-दोन प्रश्न घेऊ.

(प्रश्न: पुण्यात हे कुठे बघायला मिळेल? आणि घरी करता येईल का?)

पुण्यात आपलं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, पु. ल. देशपांडे उद्यान. ओकायामा म्हणजे बिझेनचा प्रांत, बिनझिलईच्या भाजक्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. पण बागेत भांडी नाहीत, बागच आहे. घरी करायचं तर बाजारात किन्त्सुगीचे संच मिळतात. बहुतेकांत इपॉक्सी आणि पितळेची पूड असते. शोभेच्या वस्तूला ठीक आहे. त्या भांड्यातून चहा, आमटी, काही खाऊ-पिऊ नका.

(प्रश्न: सोनं किती लागतं?)

अगदी थोडं. पूड इतकी बारीक असते की चमच्याच्या टोकावर ठेवली तरी फुंकरीने उडेल. खरा खर्च दिवसांचा असतो.

(प्रश्न: फेविक्विक चालेल का?)

(हशा) सांधा क्षणात धरेल. पण चुकीचा धरला तर तो बदलता येणार नाही. उरुशी तुम्हाला चूक सुधारायला वेळ देते, काही वेळा नको इतका. ती साखरदाणी मी आज आणली आहे, इथे टेबलावर आहे. हात लावून बघा, आता पूर्ण घट्ट झालेली आहे, कुणाच्या अंगावर उतणार नाही. झाकण मात्र जपून उचला, ते अजून मूळचं आहे.